पांढरी वाइन, शीत प्रदेशातील

शीत हवामानात पिकलेल्या द्राक्षांच्या रसाचे किण्वन करून तयार केलेले सौम्य मद्य. वेलीच्या वाढीच्या हंगामात सरासरी तापमान सु. १३° ते १५° से. असलेले प्रदेश सामान्यतः या वर्गात मोडतात. द्राक्षे पिकताना त्यांतील मॅलिक अम्ल श्वसनक्रियेत खर्ची पडते. ही क्रिया उष्ण हवेत जलद, तर थंड हवेत मंद होते. त्यामुळे शीत प्रदेशातील फळांत शर्करा बेताची, अम्लता अधिक राहते व जातीचा मूळ गंध टिकतो.

प्रकार : जर्मनीतील मोझेल खोऱ्यात पाटीच्या दगडाच्या तीव्र उतारांवर रीसलिंग, फ्रान्समधील शाब्ली येथे चुनखडीयुक्त जमिनीत शार्दोने, न्यूझीलंडमधील मार्लबरो येथे सोव्हिन्यों ब्लां व ऑस्ट्रियात ग्रुनर वेल्टलिनर या जाती विशेष प्रसिद्ध आहेत.

निवड : बाटलीवरील लेबलावर द्राक्षाची जात, प्रदेश, हंगामाचे वर्ष व अल्कोहॉलाचे प्रमाण पाहावे. मोझेलच्या रीसलिंगमध्ये अल्कोहॉल ८–९ टक्केच असल्यास बहुधा किण्वन न झालेली शर्करा उरलेली असते. ‘ट्रॉकेन’ हा शब्द मात्र अगोड वाइन दर्शवितो. उत्तम रीसलिंग व शाब्ली अनेक वर्षे मुरतात. सोव्हिन्यों ब्लां बहुधा ताजीच प्यावी.

महाराष्ट्रातील स्थिती : नासिक सु. २०° उत्तर अक्षांशावर असल्याने जागतिक वर्गीकरणात उष्णच ठरते. तथापि सु. ६०० मी. उंची व हिवाळ्यातील थंड रात्री यांचा तेथे लाभ होतो. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करतात व जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षे तोडतात. तेथील सुला या उद्योगाने १९९७ मध्ये सोव्हिन्यों ब्लां व शेनिन ब्लां या जाती लावल्या. त्यांची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली. फेब्रुवारीनंतर दिवसाचे तापमान चढू लागते. तोडणी लांबल्यास अम्लता झपाट्याने घटते. म्हणून तोडणीची वेळ येथे निर्णायक ठरते.

सह्याद्रीच्या पश्चिमेस, रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या तालुक्यांत परिस्थिती वेगळी आहे. सखल भूमी, सु. ३०० सेंमी. पाऊस व दमट हवा यांमुळे द्राक्षवेलीवर केवडा व भुरी हे रोग बळावतात. तेथील मुख्य पीक भातच होय. तेथे वाइन बाहेरून येते, त्यामुळे निवडीइतकेच साठवणीला महत्त्व आहे. उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३०° से.च्या वर जाते. अशा उष्णतेत वाइनचे ऑक्सिडीकरण वेगाने होऊन रंग तपकिरी होतो व गंध नष्ट होतो. म्हणून अलीकडच्या हंगामाची, दुकानात उन्हापासून दूर ठेवलेली बाटली घ्यावी, ती थंड जागी ठेवावी व ८° ते १०° से. तापमानास प्यावी. खाडीतील मासे व कोळंबी यांच्याबरोबर अशा वाइनची आम्लता रुचकर लागते.