आठ, दहा की बारा?

गिटार आली, अ‍ॅम्प आला, आता स्पीकर केवढा लावायचा? देवळाली कॅम्पातल्या एका छोट्या खोलीत या प्रश्नावर घालवलेला अख्खा वीकएण्ड!

शुक्रवारी ऑफिसातून थेट सीएसएमटी गाठली, पंचवटी पकडली आणि रात्री नाशिकरोडला उतरलो. आतेभाऊ बाइक घेऊन उभाच होता. 'कसा आहेस', 'जेवलास का' वगैरे काही नाही. पहिलं वाक्य, "दादा, स्पीकर गेला रे!"

इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणतात. हा शब्द देवळालीवरूनच आला. मायदेशी नेणारं जहाज मिळेपर्यंत इंग्रज सोल्जर इथल्या छावणीत ताटकळत बसायचे आणि उकाड्यानं, तापानं, कंटाळ्यानं भ्रमिष्ट व्हायचे, अशी त्यामागची गोष्ट. आमचे बंधुराज आजही ती परंपरा चालवताहेत. दिवसा एमआयडीसीत प्रॉडक्शन प्लॅनिंग आणि रात्री गिटार.

लॅम रोडच्या बाजूला एका जुन्या कौलारू बंगल्याच्या आउटहाउसमध्ये तो भाड्यानं राहतो. दहा बाय बाराची खोली. भिंतीपलीकडे घरमालकीण आजी, निवृत्त शिक्षिका. कुणाकडून तरी त्यानं पाच वॉटचा सेकंडहॅण्ड ट्यूब अ‍ॅम्प घेतला होता. आतल्या आठ इंची स्पीकरची कॉइल जळाली. तात्पुरता म्हणून एका मित्राचा बारा इंची स्पीकरचा खोका जोडला, तर तिसऱ्या दिवशी आजी दारात. "अरे, गिटार वाजव की. पण माझ्या कपाटातल्या कपबशा कशाला वाजवतोस?" त्यानंतर जरा थांबून, "पुन्हा असं झालं तर दुसरी खोली बघ हो."

एवढ्या भाड्यात, एवढ्या शांत जागी, दारात आंब्याचं झाड असलेली खोली पुन्हा मिळणार आहे का? म्हणजे प्रश्न नुसता टोनचा नव्हता, छपराचा होता!

आधी थोडा फंडा. ट्यूब म्हणजे आजोबांच्या रेडिओत केशरी दिव्यासारखे पेटायचे ते व्हॉल्व्ह. साठच्या दशकापासून बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही ते बनवले. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. गिटारवाल्यांनी मात्र त्यांना सोडलं नाही. व्हॉल्व्हवर ताण दिला की आवाज फुटतो, पण फुटताना तो कर्कश होत नाही, जाड आणि गोड होतो. ही सगळी भानगड त्या फुटण्यासाठीच.

आणि पाच वॉट म्हणजे कमी असं समजू नका. बंद खोलीत तो भरपूर मोठा वाजतो. शिवाय पाचाचे दहा वॉट केले तर फरक पडतो अवघ्या तीन डेसिबलचा. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट!

तेवढेच तीन डेसिबल नुसता स्पीकर बदलूनही मिळतात. प्रत्येक स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटीचा आकडा असतो. एक वॉट दिला की एक मीटरवर किती डेसिबल मिळतात, तो. एकाचा ९४, दुसऱ्याचा ९७ असेल, तर दुसरा लावल्यावर अ‍ॅम्प जणू दुप्पट वॉटचा होतो. लोक इंच बघतात आणि हा आकडा बघतच नाहीत. साधारणपणे मोठे स्पीकर यात पुढे असतात, पण नेहमीच असं नाही. चांगला दहा इंची एखाद्या सुमार बारा इंचीपेक्षा मोठा वाजू शकतो.

आणखी एक गैरसमज म्हणजे छोट्या अ‍ॅम्पला मोठा स्पीकर 'झेपत नाही'. अहो, स्पीकरवर लिहिलेले वॉट ही त्याच्या सहनशक्तीची मर्यादा आहे, भूक नव्हे. पाच वॉटवर तीस वॉटचा बारा इंची मजेत चालतो. घोटाळा होतो तो उलट बाजूनं. पाच वॉटचा अ‍ॅम्प पूर्ण पिळला की त्याहून बरीच जास्त पॉवर बाहेर पडते. म्हणून स्पीकर किमान दहा-पंधरा वॉटचा हवाच. जुन्या रेडिओतला स्पीकर काढून लावायची आयडिया आमच्याही डोक्यात आली होती. बरं झालं लावला नाही, त्याचा कागद फाटला असता.

शनिवारी दुपारी आजी भजनाला गेल्या आणि आम्ही टेस्टिंगला बसलो. मित्राचा बारा इंची होताच, दुसऱ्या एकाकडून आठ आणि दहा इंची मागून आणले होते. तिन्ही आठ ओहमचे. हे महत्त्वाचं! ट्यूब अ‍ॅम्पच्या मागे जेवढे ओहम लिहिलेत, तेवढ्याचाच स्पीकर लावायचा. आणि स्पीकर न जोडता अ‍ॅम्प चालू करून वाजवायचा तर मुळीच नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कॉइल गेल्यावरही आमच्या हीरोनं 'बघू तरी' म्हणत दोनदा चालू करून पाहिला होता. वाचला, नशीब! दर वेळी अ‍ॅम्प बंद करून वायर बदलली. खोक्याच्या आत मात्र हात घातला नाही. आत तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये दबा धरून बसू शकतात. ते काम जाणकाराचं.

पहिला बारा इंची. सही! जाड तार मोकळी सोडली की छातीत जाणवतं. गिटारची ही तार ८२ हर्ट्झची. बारा इंची कागदाचं क्षेत्रफळ आठ इंचीच्या सव्वादोनपट असतं, तो भरपूर हवा ढकलतो आणि हा खर्ज सहज पेलतो. पण व्हॉल्यूम तीनवर नेला आणि पलीकडून किणकिण ऐकू आली. कपबशा!

याचं कारण देवळालीकरांना वेगळं सांगायला नको. तोफखान्याचं स्कूल इथलंच. लांबच्या रेंजवर तोफ उडते तेव्हा घरात पोचतो तो नुसता 'धुम्म', आवाजाची धार वाटेतच विरते. खर्ज असाच भिंती ओलांडतो. तीव्र स्वर भिंत बऱ्यापैकी अडवते, खर्जाला नाही. शेजाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा तुमच्या सोलोबद्दल नसते, खर्जाबद्दल असते.

बरं, तीनच्या खाली आणलं तर अ‍ॅम्पवर ताणच येत नाही. आवाज स्वच्छ, गुळगुळीत आणि फुटण्याची मजा शून्य. मग ट्यूब घेतला कशाला?

आता आठ इंची. पहिल्या क्षणी चेहरा पडला, डबा वाजवल्यासारखं! पण व्हॉल्यूम सातवर नेला आणि गंमत झाली. आवाज जवळपास मघाइतकाच, पण व्हॉल्व्ह पूर्ण पेटलेले, तार मध्येच रडवेली, आणि कपबशा गप्प. खर्ज नव्हता, पण कानाला फारसा चुकलाही नाही. छोट्या ट्रान्झिस्टरवर डग्गा ऐकू येतोच ना? तो स्पीकर तेवढा खालचा सूर काढूच शकत नाही. वरच्या स्वरांवरून मेंदू तो भरून काढतो. फेंडरचा चॅम्प अ‍ॅम्प असाच, पाच वॉट आणि आठ इंच. विद्यार्थ्यांसाठी बनवलेला, आणि पुढे मोठमोठ्या गिटारवाल्यांनी तो स्टुडिओत नेला. त्याच कंपनीनं साठच्या दशकात बारा वॉटच्या प्रिन्स्टन रिव्हर्बला दहा इंची दिला आणि बावीस वॉटच्या डिलक्स रिव्हर्बला बारा इंची.

दहा इंची मधला. पण मधला म्हणजे तडजोड असं नाही वाटलं. खर्जाची चाहूल होती, धार होती, व्हॉल्यूम पाचपर्यंत गेला. किणकिण अगदी बारीक, तीही अ‍ॅम्प जमिनीवर होता तेव्हा. खुर्चीवर ठेवला तर तीही थांबली. शिवाय वरचे सूर घोट्यांवर न जाता कानावर आले. जमिनीवर ठेवलेला अ‍ॅम्प 'दबका' वाटतो तो यामुळेच. हे तीव्र स्वर स्पीकरमधून सरळ रेषेत सुटतात, आणि स्पीकर जितका मोठा तितका त्यांचा झोत अरुंद.

माझं मत आठला होतं, अजूनही आहे. मूळ खोक्यात बसतो, सुताराचा खर्च नाही, आणि एकट्यानं खोलीत वाजवणाऱ्याला त्याहून जास्त कशाला हवं? (मला गिटार येत नाही, हे त्यानं लगेच काढलंच.) तो दहावर अडला. महिन्यातून एकदा मित्रांबरोबर वाजवायचं असतं, ड्रमरपुढे आठ इंची हरवतो म्हणे. पॉइंट होता. पण ड्रमर जोरात असेल तर पाच वॉट दहा इंचीवरही पुरणार नाहीत, हे मीही सुनावलं. त्या दिवशी मित्राचा बारा इंची खोका न्यायचा, असं ठरलं.

रविवारी सकाळी देवळाली गावातल्या सुताराकडे गेलो. प्लायवूडचा खोका, मागची बाजू अर्धी उघडी. मागून निघणारा आवाज पुढच्या खर्जाला थोडा मारतो, खोलीत ते सोयीचंच. सुतारानं विचारलं, "म्युझिक सिस्टिम का?" "तसंच काहीतरी," म्हटलं.

जाळीचं कापड राहिलं होतं. आजींच्या दिवाणखान्यात एक बंद पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, पुढे सोनेरी दोऱ्याचं विणलेलं कापड. तसलं कापड कुठे मिळेल, असं विचारायला आम्ही घाबरतच गेलो. त्या आत गेल्या आणि ट्रंकेतून दोन हात लांब एक तुकडा घेऊन आल्या. कधीतरी दुरुस्तीसाठी आणून ठेवलेला. "घे. पण माझ्या रेडिओला हात लावायचा नाही. आणि काल दुपारी किती वेळ वाजवत होतास? शेजारीण सांगत होती."

"तीन तास, आजी."

"तिला बरं वाटलं म्हणे. शेवटचं."

शेवटचा दहा इंची होता. खुर्चीवरचा.