खोगीर चार महिने कुठं ठेवायचं?

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण सहज वापरतो. सभेला कामाची माणसं चार, बाकी सगळी खोगीरभरती, असं म्हणतो. नुसती जागा भरायला कोंबलेली वस्तू, असा त्याचा अर्थ. पण घोड्याच्या दृष्टीनं पाहिलं तर ही भरती फार मोलाची आहे. खोगिराच्या आत काय भरलंय आणि कसं भरलंय, यावर त्याच्या पाठीचं सुखदुःख अवलंबून असतं. भरती मऊ आणि सारखी असली, की स्वाराचं वजन पाठीवर पसरतं. तीच भिजून तिचे गोळे झाले, किंवा उंदरानं एका बाजूनं ओढून नेली, तर सगळं वजन दोन बोटांच्या जागेवर येतं आणि तिथली कातडी सोलून निघते. म्हणून आज आपण घोड्याविषयी नव्हे, तर घोड्याच्या सामानाविषयी आणि ते ठेवण्याच्या जागेविषयी बोलणार आहोत.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यात नांदूरघाटसारख्या गावाच्या परिसरात शेतीचं काम बैलांचं. घोडा पाळायचा तो वरातीसाठी, मेंढपाळांच्या बिऱ्हाडाचं ओझं वाहण्यासाठी, नाहीतर हौसेसाठी. मराठवाड्यातली हौशी मंडळी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जातात. तिथला घोडेबाजार प्रसिद्धच आहे. घोडा घेताना आपण दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरे मोजतो. खोगीर, लगाम, गोंडे, झूल यांचीही हौसेनं खरेदी होते. घरी आल्यावर घोडा गोठ्याच्या एका कोपऱ्यात बांधला जातो आणि सामान कडब्यावर टाकलं जातं, नाहीतर खिळ्याला लटकतं. त्या सामानाला जागा हवी, हे कुणाच्या मनात येत नाही.

ती का हवी, हे पंचांग पाहिलं की लक्षात येतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते आणि ज्येष्ठापर्यंत चालते. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, म्हणजे चातुर्मासात, वराती बंद. हे चार महिने खोगिराला सुट्टी असते, आणि नेमके हेच पावसाचे महिने असतात. आपला जिल्हा दुष्काळी. वर्षाला साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. मग ओलीची कसली भीती, असं वाटतं. पण चामड्याला पाऊस किती पडला याच्याशी देणंघेणं नाही. त्याचा संबंध हवेतल्या दमटपणाशी आहे. कोंदट जागेत हवेची आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर राहिली, की चामड्यावर बुरशी धरू लागते. श्रावण-भाद्रपदात झड लागली की अशी हवा दिवसच्या दिवस टिकते. त्याआधी चैत्र-वैशाखात पत्र्याखालच्या तापानं चामड्यातलं तेल उडून गेलेलं असतं आणि त्याला बारीक चिरा पडलेल्या असतात. म्हणजे आधी भाजायचं आणि मग भिजवायचं, असे आपण त्याचे हाल करतो.

यात सगळ्यात आधी कुजते ती शिवण. वरून पट्टा धडधाकट दिसतो, पण आतला दोरा मेलेला असतो. मग कार्तिकातल्या पहिल्याच वरातीत, बँड वाजतोय, फटाके फुटतायत, घोडा बिचकतो आणि पोटाखालचा तंग तुटतो. खोगिरावर नवरदेव असतो आणि पुष्कळदा त्याच्या पुढ्यात एक लहान मूल बसवलेलं असतं. जागेचा प्रश्न आहे तो इथं.

आता उपायाकडे वळू. ट्रॅक्टर आला, बैल गेले, आणि कितीतरी शेतांत जुना गोठा किंवा पत्र्याचं शेड रिकामं पडलं. त्यातली दहा फूट बाय आठ फुटांची जागा दोन-तीन घोड्यांच्या सामानाला पुरते. आधी एक सोपी परीक्षा करा. जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद पसरून त्याच्या कडा दाबून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघा. खालून पाण्याचे थेंब दिसले, तर ओल जमिनीतून येते आहे असं समजा. अशा ठिकाणी फूटभर मुरूम भरून चोपायचा आणि वर शहाबादी फरशी टाकायची. जमीन कोरडी असली, तरी बाहेरच्या जमिनीपेक्षा आतली थोडी उंच हवीच.

दुसरी गोष्ट भिंतीची. घोडा बांधण्याची जागा आणि सामानाची खोली यांच्यामध्ये पक्की भिंत हवी. घोड्याच्या मुतातून अमोनिया वायू निघतो. डोळ्यांना झोंबतो तोच हा वास. तो चामड्याला आणि पितळी कड्यांनाही बाधतो. शिवाय घोड्याच्या श्वासातली वाफ असतेच.

तिसरी गोष्ट छपराची. पत्रा दिवसा तापतो, रात्री गार पडतो आणि पहाटे आतून पाणी सोडतो. पाऊस नसतानाही सामान ओलं होतं ते यामुळे. पत्र्याच्या खाली वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत केलं, की ताप आणि ठिबक दोन्ही कमी होतात. तट्ट्या आणि पत्रा यांच्यामधून वारा खेळता ठेवा. आपल्याकडच्या जुन्या माळवदाची एखादी खोली शाबूत असेल तर ती पत्र्यापेक्षा केव्हाही चांगली, कारण मातीचा जाड थर उष्णता अडवतो. फक्त ती गळत नाही ना आणि लाकडाला वाळवी नाही ना, हे पाहा. आषाढातला पाऊस पश्चिमेकडून येतो. तेव्हा पश्चिमेची बाजू बंद ठेवून दार-खिडकी पूर्वेला किंवा उत्तरेला काढावी. झरोके ठेवावेत, पण त्यांना उंदीर शिरणार नाही अशी बारीक जाळी ठोकावी.

आतली मांडणी साधी असते. खोगीर कधीही जमिनीवर किंवा एका टोकावर उभं ठेवू नये. त्यानं आतला लाकडी सांगाडा पिळवटतो आणि मग ते पाठीवर नीट बसत नाही. कमरेच्या उंचीवर, भिंतीत पक्का बसवलेला, दोन फूट लांबीचा गोल ओंडका पुरतो. त्यावर खोगीर पाठीवर बसावं तसं बसतं आणि खालून हवा लागते. लगाम खिळ्याला टांगला की त्याच जागी चामडं दुमडतं आणि पुढं तिथंच तुटतं. त्याऐवजी तळहाताएवढा रुंद, अर्धगोल लाकडी ठोकळा भिंतीला लावा. खोगिराखालची घामेजलेली गादी खोलीत आणूच नये. ती बाहेर दोरीवर वाळवून मगच आत घ्यावी.

या खोलीत कडबा, पेंड किंवा भरडा ठेवू नका. दाण्यामागं उंदीर येतो, उंदरामागं साप येतो. आणि चाऱ्याला आगीचं भय असतं. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेलं गवत आणि दाणा जपून वापरा, हे त्यात आहेच. पण चुली, चिलमी आणि रात्रीचे दिवे यांनी गवताला आग लागेल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतका बारीक विचारही त्यात आहे. आज वातीच्या जागी उघडी वायर आली आहे. उंदीर तीही कुरतडतो. म्हणून वायर पाइपातूनच न्यावी आणि दाराशी वाळूची बादली भरून ठेवावी.

प्रत्येक घोड्याची खुंटी वेगळी असावी, हाही नियम पाळा. एकाचा खरारा, तोबरा, लगाम दुसऱ्याला वापरला की त्वचेचे रोग पसरतात. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा रोगही अशा सामानातून आणि पाण्याच्या बादलीतून पसरू शकतो. तो माणसालाही होतो. घोड्याच्या नाकातून घट्ट स्राव, अंगावर गाठी किंवा फोड दिसले, तर तो घोडा आणि त्याचं सामान वेगळं काढून ताबडतोब सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं. शेड साफ करताना गंजलेले खिळे, पत्र्याचे तुकडे वेचून काढा. धनुर्वाताचा धोका घोड्याला फार असतो. त्याची लस डॉक्टरांकडून टोचून घ्यावी. सामान लावताना काटेरी लगाम सापडला तर तो खुंटीवर टांगू नका, मोडून टाका. काटे असलेला लगाम वापरायला १९६५ च्या नियमांनी बंदी आहे.

खोली झाली म्हणजे काम संपलं असं नाही. चातुर्मासात दर पौर्णिमेला आणि अमावास्येला सामान बाहेर काढावं. बुरशी दिसली तर ती खोलीत झटकू नये. बाहेर नेऊन ओल्या फडक्यानं आणि सौम्य साबणानं पुसावी. चामडं उन्हात नव्हे, सावलीत वाळवावं. मग एरंडेलाचा अगदी पातळ हात फिरवावा. जवसाचं किंवा करडईचं तेल लावू नये, कारण ते वाळून कडक होतं. रिकिबी आणि लगामाचं लोखंड कोरडं पुसून ठेवावं.

दसऱ्याला आपण या सामानाची पूजा करतो. यंदा झेंडूची फुलं वाहण्याआधी एक करा. प्रत्येक पट्टा दोन्ही हातांनी जोर लावून ओढा, प्रत्येक शिवण नखानं खरवडून बघा, खोगिराची भरती तळहातानं चाचपा. जे तुटायचं ते तुमच्या हातात तुटू द्या. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत महिनाभराचा अवधी असतो. कारागिराकडून नवी शिवण घालून घ्यायला तेवढा पुरेसा आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)