मोटारीचा तेलडबा

दिवाळीच्या फराळाचे घाणे उतरल्यावर शेगडीमागील भिंतीवरून बोट फिरवून पाहावें. बोटाला चिकट, पिंवळट असें कांहीं लागतें. कढईंतून तेल उडून तेथवर गेलेलें कोणीं पाहिलेलें नसतें. परंतु वाफेबरोबर त्याचे अतिसूक्ष्म कण वर जातात, आणि थंड भिंतीशीं गांठ पडतांच तेथेंच राहतात. अलीकडे घरोघर धूर ओढणारी चिमणी आली आहे. तिची जाळी हे कण अडविते खरी. पण ती वेळच्या वेळीं धुतली नाहीं, तर अडविलेलें तेलच थेंबथेंब खालच्या पातेल्यांत गळूं लागतें. ही गोष्ट आमच्या सौभाग्यवतींस पुष्कळ दिवसांपासून ठाऊक होती. आम्हांस मात्र ती एका मोटारीनें, आणि तीहि रात्रीच्या वेळीं भर रस्त्यावर, शिकविली. सारा जन्म दुसऱ्यांच्या मुलांना शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यास उतारवयांत मिळालेला हा धडा इतरांच्या उपयोगीं पडावा, म्हणून येथें लिहीत आहों.

प्रथम यंत्राची थोडी ओळख करून घेऊं. मोटारीच्या इंजिनांत सिलिंडर म्हणून पोकळ नळकांडें असतें, व त्यांत पिस्टन म्हणजे दट्ट्या खालींवर होतो. दट्ट्याभोंवतीं धातूच्या कड्या असतात. त्यांस रिंगा म्हणतात. वर इंधनाचा भडका उडतो, त्याचा वायु खालीं निसटूं नये हें रिंगांचें काम. पण रिंगा कितीहि चांगल्या असल्या तरी थोडा वायु निसटतोच, आणि खालच्या पेटींत, म्हणजे क्रँककेसमध्यें, उतरतो. तेथें फिरत्या दांड्यामुळें तेलाचे तुषार उडत असतात. निसटलेला वायु, न जळलेल्या पेट्रोलचा अंश, पाण्याची वाफ आणि हे तुषार यांचें तेथें मिश्रण होतें. त्यास वाट न दिली, तर दाब वाढून सांध्यासांध्यांतून तेल झिरपूं लागेल. पूर्वीं ही वाट एका नळीनें सरळ रस्त्यावर सोडलेली असे. शहरांची हवा बिघडूं लागली, तेव्हां अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत १९६१ सालच्या मोटारींपासून हा वायु पुन्हां इंजिनाच्याच श्वासांत सोडण्याची योजना आली, व ती पुढें सर्वत्र रूढ झाली.

आतां टर्बोचा प्रकार पाहूं. स्विस यंत्रज्ञ आल्फ्रेड ब्यूखी यांनीं १९०५ सालीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवावयाचें, आणि त्याच आंसावरील दुसऱ्या चक्रानें बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबावयाची, अशी ही युक्ति आहे. तिच्यामुळें लहान इंजिनांतून मोठ्याची शक्ति मिळते. दाबलेली हवा तापते, म्हणून तिला वाटेंत इंटरकूलरमधून थंड करून घेतात. भडका जोराचा, म्हणून रिंगांवाटे निसटणारा वायुहि अधिक. शिवाय त्याला येथें दोन वाटा असतात. मोटार सावकाश चालतांना इंजिनाच्या शोषणानें तो एका झडपेवाटे सरळ आंत ओढला जातो. चालक जोर मागूं लागला कीं टर्बोच्या दाबानें ती झडप मिटते, आणि वायु दुसऱ्या नळीनें टर्बोच्या तोंडाशीं जातो. म्हणजे तेलाचे तुषार टर्बोंतून इंटरकूलरमध्यें, व तेथून इंजिनांत, असा प्रवास करतात.

या प्रवासानें काय बिघडतें? इंटरकूलरच्या आंतल्या अंगास तेलाचा लेप बसला, कीं हवा नीट थंड होत नाहीं. पेट्रोलांत तेल मिसळलें म्हणजे तें अवेळीं पेट घेऊं पाहतें, व इंजिनांत खटखट सुरू होते. ज्या इंजिनांत पेट्रोल हवेच्या झडपांमागें फवारलें जातें, तेथें त्या झडपा आपोआप धुतल्या जातात. परंतु फोक्सवागनचें एक लिटरचें टीएसआय किंवा ह्युंदाई व्हेन्यूचें एक लिटरचें टर्बो, अशा इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरांत जातें. तेथें झडपांना हें स्नान घडत नाहीं, व तेलाचा थर जळून त्यांवर हळूहळू काजळीचें कवच चढतें. संस्कृतांत तेलाला स्नेह म्हणतात आणि मायेलाहि स्नेहच म्हणतात. योग्य जागीं तो तारक. अस्थानीं गेला कीं त्याचाच उपद्रव होतो.

हा स्नेह वाटेंत अडवावा, म्हणून त्या नळीच्या मध्यें जो डबा बसवितात त्यास मिस्त्री लोक ऑइल कॅच कॅन म्हणतात. आपण तेलडबा म्हणूं. शर्यतीच्या मोटारींस तो फार पूर्वींपासून लागतो; त्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दोन लिटरपर्यंतच्या इंजिनास दोन लिटरांचा, व त्याहून मोठ्यास तीन लिटरांचा डबा सांगितला आहे. तेथें मुख्य भीति रस्त्यावर तेल सांडून मागची मोटार घसरण्याची. घरगुती मोटारींतला डबा लहान असतो, आणि त्याचें कामहि वेगळें असतें.

त्याच्या अंतरंगाची कल्पना आमच्या भागांतील मनुष्यास साखर कारखान्यावरून चटकन येईल. उसाचा रस आटवितांना वाफेबरोबर रसाचे तुषार वर जातात. ते वाया जाऊं नयेत, व वाफेचें पाणी होऊन बॉयलरांत गेल्यावर त्यांतील साखरेनें तेथें घाण होऊं नये, म्हणून भांड्याच्या माथ्यावर तुषार धरणारी योजना असते. वाफेस एकदम वळण घ्यावें लागतें. वाफ वळते, पण जड थेंब सरळ जाऊन पत्र्यावर आपटतात व खालीं ओघळतात. कारखान्यांत रसायनतज्ज्ञ म्हणून नोकरी केलेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें हें आम्हांस समजावून दिलें, आणि वर एक मार्मिक गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “गुरुजी, योजना बसविली म्हणून आम्ही स्वस्थ बसत नाहीं. त्या पाण्यांत साखर उतरली आहे काय, हें पाळीपाळीला तपासावेंच लागतें.” तेलडब्याचें सारें मर्म या वाक्यांत आहे. आम्हीं तें ऐकलें, मान डोलाविली, आणि विसरलों.

आमचे चिरंजीव कामानिमित्त दर आठवड्यास बारामतीहून इंदापुरास जातात. त्यांची मोटार लहान टर्बोची आहे. दोन वर्षांपूर्वीं आम्हींच आग्रह धरून तींत तेलडबा बसवून घेतला, व दरमहा तो रिकामा करण्याचें काम मोठ्या हौसेनें आपणाकडे घेतलें. दोन महिने तें केलें. पुढें पाऊस लागला, पाहुणे आले, गुडघा दुखूं लागला. कारणांस तोटा नव्हता. गृहपाठ न करणाऱ्या मुलांच्या ज्या सबबींना आम्ही हंसत असूं, त्याच आमच्या मुखीं आल्या. मार्गशीर्षांत इंदापुरास एक लग्न होतें. रात्रीं परततांना निमगांव केतकी मागें टाकलें. उसाचा हंगाम ऐन भरांत होता. पुढें दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर संथपणें चालला होता. रस्ता मोकळा पाहून चिरंजीवांनीं मोटार बाहेर काढली व जोर दिला. त्याच क्षणीं इंजिन गचके खाऊं लागलें, मागें निळसर धुराचा लोट उठला, आणि समोरून येणाऱ्या वाहनाचे दिवे दिसूं लागले. मागें सूनबाई व लहान नात होती. चिरंजीवांनीं प्रसंगावधान राखून मोटार पुन्हां ट्रॅक्टरच्या मागें घेतली, म्हणून निभावलें.

दुसरे दिवशीं मिस्त्रीनें बॉनेट उघडलें, तो डबा कांठोकांठ भरलेला! टर्बोनें जोरानें ओढ घेतांच त्यांतील तेल व पाणी एकदम इंजिनांत गेलें होतें. ठिणगीचे प्लग बदलावे लागले, इंटरकूलर उतरवून धुवावा लागला. डबा नसता तर तेंच तेल महिनोन् महिने थोडें थोडें गेलें असतें. आमच्या हयगयीमुळें तें सांठून एका घोटांत गेलें. दोष यंत्राचा नव्हता, मिस्त्रीचा नव्हता. आमचा होता, आणि तो आम्हीं मुलासमोर कबूल केला.

त्यानंतर आम्हीं जें शिकलों तें क्रमानें सांगतों. डबा आंतून रिकामा असूं नये. त्यांत आडवे पत्रे व तारेची दाट जाळी हवी. नाहींतर वायु एका तोंडानें येऊन दुसऱ्यानें तसाच निघून जातो. तो इंजिनाच्या तापलेल्या भागापासून दूर, थंड जागीं, गाडीच्या सांगाड्यास घट्ट आवळावा, कारण थंडाव्यानेंच वाफेचे थेंब होतात. नळ्या तेल सोसणाऱ्या रबराच्याच घ्याव्या; पाण्याची साधी नळी कांहीं महिन्यांत फुगते. त्यांचा पोकळ व्यास मूळ नळीहून कमी नसावा, व कोठें मुडप पडूं नये. वाट कोंडली तर इंजिनाचीं सीलें तेल गाळूं लागतात. आंत जाण्याचें व बाहेर येण्याचें तोंड यांची अदलाबदल होऊं देऊं नये. वर सांगितलेल्या दोन वाटांपैकीं कोणतीवर डबा आहे, हें मिस्त्रीस विचारून घ्यावें. एकीवरच असेल तर दुसरीनें तेल जातच राहणार.

कित्येक हौशी लोक डब्याचें दुसरें तोंड उघड्या हवेंत सोडतात. हें करूं नये. पेट्रोल मोटारींतील हा वायु बाहेर सोडण्यास भारत स्टेजच्या मानकांत मनाई आहे, त्याचा वास गाडींत शिरतो, आणि इंजिनाचें हवेचें गणितहि चुकतें. मोटार हमीच्या मुदतींत असेल, तर विक्रेत्यास आधीं विचारणेंच शहाणपणाचें. बाहेरची वस्तु बसविल्याच्या कारणावरून हमीविषयीं वाद उत्पन्न होऊं शकतो.

आतां निगा. डबा बसविल्यावर पहिल्या ५०० किलोमीटरांनीं उघडून पाहावा. पुढें किती दिवसांनीं पाहावयाचें, हें त्यावरून ठरतें. आम्ही दर १,००० किलोमीटरांनीं पाहतों, व कितीहि कमी धांव झाली तरी महिन्याच्या पहिल्या रविवारीं पाहतोंच. इंजिन निवालेलें असावें. हिंवाळ्यांत गांवांतल्या गांवांत थोडें थोडें चालविलें, तर डब्यांत ताकासारखें पांढुरकें द्रव सांपडतें. तें तेलांत घुसळलेलें पाणी असतें, भिण्याचें कारण नाहीं. पेट्रोलचा वास उग्र आला, किंवा एरव्हीं चमचा दोन चमचे निघणाऱ्या ठिकाणीं एकदम वाटीभर निघूं लागलें, तर मात्र मिस्त्रीकडून सिलिंडरांचा दाब तपासून घ्यावा. निघालेलें तेल इंजिनांत परत ओतूं नये. गटारांत, शेतांत वा कालव्याकांठींहि टाकूं नये. नीरेच्या कालव्यावर व उजनीच्या पाण्यावर आपले मळे जगतात. बाटलींत भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपांत द्यावें. जाळी वर्षांतून दोनदां रॉकेलनें धुवून पूर्ण वाळवावी, त्याच वेळीं नळ्या व पट्टे पाहावे.

निघणारें माप आम्ही एका वहींत लिहितों. गेल्या चैत्रांत तें अकस्मात् दुप्पट झालेलें दिसलें. आमचा जीव चरकला. रिंगाच झिजल्या असें वाटलें. मिस्त्रीनें तेलाची पट्टी ओढून पाहिली, तों तेल वरच्या खुणेच्याहि वर! मागल्या सर्व्हिसिंगच्या वेळीं तें जास्त भरलें गेलें होतें. वाजवीपेक्षां अधिक तेल काढून टाकतांच पुढल्या महिन्यांत माप पूर्ववत् झालें. वही नसती तर ही गोष्ट कळली नसती.

मग प्रत्येकानें हा डबा बसवावा काय? आमचें उत्तर, नाहीं. कारखान्यांतून येणाऱ्या इंजिनांत तेल वेगळें करण्याची कांहीं सोय मुळांतच असते. वेळेवर व योग्य प्रतीचें तेल बदलणें हीच साध्या कुटुंबाच्या मोटारीची खरी सेवा होय. झिजलेल्या रिंगा या डब्यानें बऱ्या होत नाहींत. तो औषध नव्हे, नाडी पाहण्याचें साधन आहे. डिझेल मोटारींत तर भरून वाहिलेला डबा अधिक धोक्याचा. डिझेल इंजिन त्या तेलावरच पेटून अनावर धांवूं शकतें. म्हणून ज्याला दर महिन्यास बॉनेट उघडून पाहण्याची खात्री नसेल, त्यानें तो बसवूंच नये.

आमची नात आतां आठ वर्षांची आहे. पहिल्या रविवारीं सकाळीं ती वही व पेन्सिल घेऊन आमच्या खुर्चीपाशीं उभी राहते, आणि म्हणते, “आजोबा, गृहपाठ!” आम्ही निमूटपणें उठतों.