आमच्या हौदातले किडे



आमच्या घरामागे परसात एक सिमेंटचा हौद आहे. तो ६ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ३ फूट खोल आहे. गुरुजींनी माझ्याकडून गणित करून घेतले. त्यात सुमारे दोन हजार लिटर पाणी बसते. हे पाणी म्हशीला, धुण्याला आणि भांड्यांना लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मात्र हाच हौद आम्हा पोरांचा पोहण्याचा तलाव होतो. शहरात पोहायला तिकीट काढावे लागते म्हणे. आम्हाला फक्त आजीची परवानगी काढावी लागते. पण ती तिकिटापेक्षा अवघड आहे.

या मे महिन्यात हौदात किडे झाले. काही पाण्यावर पळत होते, काही उलटे पोहत होते, काही नुसते वळवळत होते. एक दिवस मी पाण्यात उतरलो आणि मांडीला मधमाशी चावल्यासारखे झाले. मी जोरात ओरडलो. सगळी पोरे टणाटण उड्या मारून बाहेर पळाली.

मला फार भीती वाटली. कारण गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला डेंगी झाला होता. ती पाच दिवस दवाखान्यात होती. डॉक्टर म्हणाले होते की, हा ताप डासांमुळे येतो आणि ते डास घराजवळच्या साठलेल्या पाण्यात होतात. मला वाटले, चावणारा किडा म्हणजे तोच. म्हणून मी कोणाला न सांगता हौदात अर्धी बाटली फिनेल ओतले.

संध्याकाळी म्हैस पाण्याशी गेली, फुर्र केले आणि मागे फिरली. आजीने पाणी हुंगून बघितले. "आरं, कुणी घातलं ह्ये? जनावर पिलं असतं म्हंजी?" मी थोडा वेळ गप्प बसलो. मग खरे सांगून टाकले. मला मार बसला नाही. पण हौदातले सगळे पाणी सोडून द्यावे लागले. आमच्याकडे मोटारीची वीज रात्री येते. आजोबांना खोकला होता, तरी ते रात्री एक वाजता उठून हौद भरायला गेले. मी अंथरुणात जागाच होतो.

एवढे करून दहा-बारा दिवसांत किडे पुन्हा आलेच! जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "मारायच्या आधी ओळख तर कर." मग मी काचेच्या बरणीत हौदाचे पाणी आणले आणि आम्ही सर्वांनी चार दिवस बघितले.

बरणीत काय दिसले

१) लांब पायांचा किडा पाण्यावर पळतो, बुडत नाही. त्याच्या पायांवर बारीक केस असतात. तो पाण्यात पडलेले किडे खातो. तो आपल्याला काही करत नाही.

२) होडी वल्हवावी तसे पाय मारणारा किडा सरळ पोहतो. तो बहुतेक शेवाळ खातो. तोही चावत नाही.

३) उलटा पोहणारा किडा. आम्ही त्याचे नाव 'उलट्या' ठेवले आहे. त्याची पाठ खाली आणि पोट वर असते. हातात धरला किंवा अंगाखाली दाबला गेला तर तो चावतो. मला तोच चावला होता. पण त्याने डेंगी होत नाही.

४) वळवळ्या अळ्या. त्या डोके खाली करून पाण्याला टांगलेल्या असतात आणि शेपटीकडच्या नळीने हवा घेतात. बरणी हलवली की झटकन खाली जातात. या डासांच्या अळ्या! त्या कोणाला चावत नाहीत, म्हणून आपण त्यांच्याकडे बघतही नाही. खऱ्या वैरी त्याच आहेत.

एका बरणीत आम्ही पाच अळ्या आणि एक उलट्या ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अळ्या दोनच उरल्या होत्या. म्हणजे ज्याला मी मारायला निघालो, तो अळ्या खात होता.

डास आधी अंडे असतो, मग अळी, मग कोष आणि मग उडणारा डास. उन्हाळ्या-पावसाळ्यात याला आठ-दहा दिवस पुरतात. डेंगीचा डास काळा असून त्याच्यावर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. हिवतापाचा डास वेगळा. हिवताप डासामुळे पसरतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे मिळाला. म्हणून २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन असतो.

आम्ही काय केले

१) दर रविवारी हौद रिकामा करतो. शुक्रवारपासून त्यात नवीन पाणी भरत नाही. उरलेले पाणी नारळाला आणि भाजीच्या वाफ्याला घालतो. अळ्या कोरड्या मातीत मरतात, त्यांना गटारात ओतू नये. आशाताई याला 'कोरडा दिवस' म्हणतात.

२) हौदाच्या भिंती काथ्याने खसखसा घासतो. डेंगीच्या डासाची अंडी भिंतीला चिकटतात आणि पाण्याशिवायही कित्येक महिने टिकतात. नुसते पाणी सोडून भागत नाही. मी फिनेल घातले तेव्हा भिंती घासल्याच नव्हत्या. घासल्याने शेवाळही जाते आणि शेवाळ खाणारे किडे कमी होतात.

३) हौदावरचा दिवा रात्री बंद ठेवतो. उलट्याला पंख असतात. तो रात्री उजेडाकडे आणि चमकणाऱ्या पाण्याकडे उडत येतो.

४) हौदावर आईची जुनी सुती साडी ताणून बांधतो, म्हणजे डास आत जाऊन अंडी घालत नाहीत.

५) गोठ्यामागची मोठी टाकी रिकामी करता येत नाही. तिच्यात आशाताईंनी आरोग्य केंद्रातून आणून गप्पी मासे सोडले. ते अळ्या खातात. पण हे मासे परदेशातले आहेत, त्यांना ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नये. जिथे मासे आहेत तिथे टीसीएल पावडरही टाकू नये, मासे मरतात.

रॉकेल, फिनेल असले काही पाण्यात घालू नये. ते पाणी जनावर पिते.

आता हौदात अळ्या दिसत नाहीत. कधीतरी एखादा उलट्या येतो. त्याला मी चहाच्या गाळणीने उचलतो आणि ओढ्यात सोडतो. हाताने धरत नाही! घासायचे काम माझे आहे. आजोबा म्हणतात, "ह्यो खरा हौदाचा मालक." बहिणीला या पावसाळ्यात अजून ताप आलेला नाही.

पालकांनो, आज घरी गेल्यावर आपला हौद, रांजण, फुटकी बादली आणि जुना टायर एकदा बघा. पाण्यात वळवळ दिसली तर लगेच पाणी मातीवर ओता. आपल्या शाळेमागे पण एक टायर पडला होता. तो आम्ही चौथीच्या मुलांनी काल उचलला. त्यात अळ्या होत्या.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी