पथ्याच्या ताटातली उणीव

फिनिलकीटोनुरिया या आनुवंशिक विकारात फिनिलअॅलॅनिन हे अमिनो आम्ल रक्तात साठते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. हॉर्स्ट बिकेल व सहकाऱ्यांनी १९५३ साली यावर आहाराचा उपाय मांडला: दूध, अंडी, मांस, डाळी वर्ज्य. पण या पदार्थांबरोबर ब-१२ जीवनसत्त्व, लोह, जस्त, सेलेनियम यांचाही मोठा वाटा ताटातून जातो. शिवाय फिनिलअॅलॅनिन आपले शरीर बनवू शकत नाही. ते पूर्ण तोडले, तर वाढ खुंटते. म्हणून ते मोजून द्यायचे, बाकी गरज जीवनसत्त्वे व खनिजे घातलेल्या खास अमिनो आम्ल-मिश्रणाने भागवायची आणि रक्त नियमित तपासायचे. अशा विद्यार्थ्याला आपण शाळेतल्या खिचडीचा आग्रह करू नये. त्याने मिश्रण घेतले का, हे मात्र आठवणीने विचारावे.