व्याह्यांचे टार्टन

श्रावणातल्या एका रविवारी मुलाचा एडिंबराहून फोन आला. येत्या मे महिन्यात त्याचे लग्न आहे. मुलगी तिकडचीच, रॉस-शायरमधल्या डिंगवॉल गावची. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "आई, तिच्या बाबांनी विचारलंय, लग्नात मी त्यांच्या टार्टनचा किल्ट घालीन का? माप पाठवायचंय. पण मला कळेना, आपल्याला ते चालतं का? म्हणजे, आपण त्यांच्यातले नाही ना." फोन स्पीकरवर होता. शेजारी बसलेला माझा भाऊ लगेच म्हणाला, "घागरा घालून बोहल्यावर चढणार का भाचा?" सगळे हसले. मला मात्र नीट हसता आले नाही, कारण व्याह्यांचे आडनाव मॅकेन्झी आहे आणि आम्ही जालन्याचे आहोत. या दोन गोष्टींचा काय संबंध ते पुढे सांगते. आधी मुलाच्या प्रश्नाकडे वळू. त्याने तो सहज विचारला होता. मी चार महिने त्याच्यामागे वाचत राहिले.

टार्टन म्हणजे चौकडीचे लोकरी कापड, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण प्रत्येक चौकडी टार्टन नव्हे. रंगीत धाग्यांचा एक ठरलेला क्रम असतो, इतके हिरवे, इतके निळे, मग दोन काळे वगैरे. त्या क्रमाला 'सेट' म्हणतात. एका टोकाला पोचला की तो आरशातल्यासारखा उलटा फिरतो आणि पुन्हा पुन्हा येत राहतो. ताण्यात जो क्रम, तोच बाण्यात. वीण तिरकी असल्यामुळे दोन वेगळे रंग एकमेकांवर आले की तिसरी छटा दिसते. चार रंगांच्या धाग्यांतून कापडावर दहा छटा उमटतात. इरकलीचे किंवा खणाचे काठ ओळखणाऱ्या बाईला हे समजायला वेळ लागत नाही.

किल्ट मात्र मुळात शिवलेला नव्हताच. हायलँडमधला, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातला, माणूस चार-पाच वारांचे दुहेरी पन्ह्याचे वस्त्र चुण्या घालून कमरेला पट्ट्याने बांधी आणि उरलेले खांद्यावर घेई. दिवसा पोशाख, रात्री पांघरूण. आपल्या नऊवारीच्या कुळातलेच ते, न शिवलेले. त्याचा खालचा भाग वेगळा काढून चुण्या शिवून टाकण्याची युक्ती अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातली. तिचे श्रेय टॉमस रॉलिन्सन नावाच्या लँकशायरमधल्या इंग्रज कारखानदाराला दिले जाते. तो ग्लेनगॅरीच्या रानात लोखंडाची भट्टी चालवत होता आणि मजुरांना ते भले मोठे वस्त्र कामात आड येई. ही हकिकत १७८५ साली छापून आलेल्या एका पत्रावर उभी आहे आणि तिच्यावर वाद आहे. असा छोटा किल्ट त्याआधीही होता असे म्हणणारे अभ्यासक आहेत. ह्यू ट्रेव्हर-रोपर या इतिहासकाराने १९८३ साली 'परंपरेचा शोध' या विषयावरच्या एका गाजलेल्या लेखसंग्रहात ती हकिकत अशा चवीने सांगितली की स्कॉटिश वाचक अजून त्याच्यावर रागावलेले आहेत. मला तो लेख आवडला. पण त्यातली खवचट ऐट बाजूला काढूनच तो वाचावा लागतो.

आता मुख्य मुद्दा. अमुक कुळाचे अमुक टार्टन, ही गोष्ट किती जुनी? मार्टिन मार्टिन हा स्वतः स्काय बेटावरचा गृहस्थ. त्याने १७०३ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की प्लेड पाहून माणूस कुठल्या भागातला ते सांगता येते. कुठल्या भागातला, कुठल्या कुळातला नव्हे. म्हणजे गावोगावच्या विणकरांची ती धाटणी होती, आसपास मिळणाऱ्या रंगांवर आणि सवयीवर बेतलेली. १७४६ मध्ये कल्लोडनच्या माळावर स्टुअर्ट राजपुत्राच्या बाजूने लढलेल्या हायलँडरांनी एकमेकांना ओळखले ते टोपीवरच्या पांढऱ्या फितीच्या फुलावरून. डेव्हिड मॉरिए या चित्रकाराने त्या बंडाचे एक प्रसिद्ध चित्र काढले आहे. त्यात एकेका माणसाच्या अंगावर दोन-दोन, तीन-तीन निरनिराळी टार्टन दिसतात, आणि एकही आज त्या कुळाचे म्हणून विकले जाते तसे नाही.

बरे, कुळ तरी रक्ताचे होते का? 'क्लॅन' या गेलिक शब्दाचा अर्थ लेकरे. पण सरदाराच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या आश्रयाला आलेले लोकही त्याचे आडनाव लावीत. उलट मॅकग्रेगर कुळाचे नावच १६०३ मध्ये कायद्याने बंद केले गेले आणि ती बंदी कायमची उठली १७७४ मध्ये. मधल्या काळात त्या लोकांनी कँपबेल, ड्रमंड, स्टुअर्ट अशी मिळतील ती नावे घेतली. आडनाव सांगा, टार्टन घ्या, अशी पाटी लावणाऱ्या दुकानात अशा माणसाच्या पणतूने काय मागावे?

कल्लोडननंतर सरकारने पोशाखावरच बंदी घातली. १७४६ च्या कायद्यातले ते कलम १ ऑगस्ट १७४७ पासून लागू झाले. स्कॉटलंडमधल्या कोणाही पुरुषाने किंवा मुलाने हायलँडचा पोशाख घातला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडला तर सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. स्त्रियांचा त्यात उल्लेख नाही. आणि एक अपवाद होता: राजाच्या फौजेतले अधिकारी आणि शिपाई. 'कोणी घालावे' या प्रश्नाला इतिहासात कायद्याने दिलेले स्पष्ट उत्तर हे एवढेच: ज्याने राजाची चाकरी पत्करली त्याने. मला या सगळ्या कथेत हा अपवाद सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बंदी १७८२ मध्ये उठली, तोवर पस्तीस वर्षे गेली होती. एक पिढी विजारीत वाढली होती आणि टार्टन जिवंत राहिले होते ते पलटणींत.

पलटणींचे टार्टन म्हणजे 'ब्लॅक वॉच'चे गडद हिरवे-निळे-काळे. नवीन पलटण उभी राहिली की याच कापडात एखादी रेघ घालून वेगळेपण आणले जाई. १७९३ मध्ये ड्यूक ऑफ गॉर्डनच्या पलटणीसाठी हंटलीच्या विल्यम फोर्साइथने त्यात पिवळी रेघ घातली. ते आज गॉर्डन कुळाचे टार्टन. सीफोर्थच्या मॅकेन्झी अर्लने १७७८ मध्ये उभ्या केलेल्या पलटणीत पांढरी आणि तांबडी रेघ आली. ते आज मॅकेन्झी कुळाचे. म्हणजे माझ्या व्याह्यांचे वाडवडिलार्जित वस्त्र हा मुळात लष्करी गणवेश.

बाकीच्या कुळांची टार्टने कशी ठरली ती कथा जास्त गमतीची. लंडनमधल्या हायलँड सोसायटीने १८१५ च्या सुमारास सर्व सरदारांना कळवले की आपापल्या टार्टनचा तुकडा मोहोर लावून पाठवावा. कित्येक सरदारांना आपले टार्टन कोणते हेच माहीत नव्हते. त्यांनी विचारणा केली ती बॅनकबर्नच्या विल्यम विल्सन अँड सन या विणकर पेढीकडे. या पेढीच्या १८१९ च्या नमुनावहीत दोनशेहून अधिक नमुने होते. काहींना गावांची नावे, काहींना नुसते क्रमांक. ट्रेव्हर-रोपर सांगतो की मॅकफर्सन कुळाला मिळालेले टार्टन आधी 'किड' या नावाने होते, कारण किड नावाच्या गृहस्थाने वेस्ट इंडीजमधल्या आपल्या गुलामांसाठी ते घाऊक घेतले होते; त्याही आधी ते फक्त क्रमांक १५५ होते.

मग १८२२ चा ऑगस्ट आला. चौथा जॉर्ज एडिंबराला येणार होता. गादीवरचा राजा स्कॉटलंडमध्ये पाऊल ठेवण्याची ती जवळजवळ एकशे सत्तर वर्षांतली पहिली वेळ. सोहळ्याची सूत्रे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉटकडे. त्याने सरदारांना आवाहन केले, आपापल्या टार्टनमध्ये या. राजानेही लाल टार्टनचा पोशाख चढवला, खाली गुलाबी तंग विजार घालून. लोलँडमधले, म्हणजे दक्षिणेकडचे लोक हायलँडरांना पिढ्यान्‌पिढ्या गुरे चोरणारे म्हणून ओळखत; आता त्यांचाच पोशाख सगळ्या देशाचा झाला. आपल्याला शिक्षणाच्या टिपणामुळे ठाऊक असलेल्या मेकॉलेने पुढे यावर कोरडा शेरा मारला, की दहांतल्या नऊ स्कॉट लोकांना जो चोराचा वेश वाटे तो राजाने आदर दाखवण्यासाठी घातला.

या मिरवणुकीत सर्वांत दिमाखदार होता ग्लेनगॅरीचा सरदार मॅकडॉनेल. तो स्वतःला खऱ्या हायलँडरांचा प्रतिनिधी म्हणवी आणि उपऱ्यांनी टार्टन घालण्याला त्याचा विरोध होता. आणि हाच माणूस मेंढ्यांच्या कुरणांसाठी आपली कुळे जमिनीवरून उठवत होता. (मराठीत 'कूळ' कसणाराही आणि 'कुळ' घराणेही, इथे दोन्ही अर्थ एकत्र आले.) सदरलँडमध्येही त्याच दशकात दऱ्याच्या दऱ्या मोकळ्या केल्या गेल्या. ते वस्त्र ज्यांचे खरोखर रोजचे होते ते कॅनडाच्या जहाजांवर चढत होते, आणि एडिंबरात ते कोणी घालावे यावर रुसवेफुगवे चालले होते.

पुढचे थोडक्यात. १८४२ मध्ये स्वतःला सोबिएस्की स्टुअर्ट म्हणवणाऱ्या दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली टार्टनांचा एक ग्रंथ छापला. ते हस्तलिखित बनावट ठरले, पण त्यातली बरीच टार्टने टिकली. मग व्हिक्टोरिया राणीने बाल्मोरल घेतले आणि तिच्या नवऱ्याने त्याच्यासाठी राखाडी टार्टन काढले. ते आजही राजघराण्यापुरतेच राखून आहे.

तर मग आज नियम काय? मी मुलाला लिहिले ते असे. कायदा म्हणशील तर काही नाही. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन नावाचा राजचिन्हांचा अधिकारी आहे, त्याचे स्वतःचे न्यायालय आहे, पण त्याचा अधिकार ढालीवरच्या चिन्हांवर आणि शिरोभूषणावर. टार्टन कोणी घालावे यावर नाही. सरदाराचे चिन्ह ही त्याची एकट्याची मालमत्ता. कुळातला माणूस ते पट्टा-बक्कलच्या वर्तुळात बसवून टोपीला लावू शकतो. टोपीवर गरुडाची तीन पिसे फक्त सरदाराची. तेव्हा किल्ट घाल, पिसे लावू नकोस. २००८ च्या कायद्याने टार्टनांची सरकारी नोंदवही झाली, ती २००९ पासून सुरू आहे. तिच्यात नवे टार्टन कोणीही नोंदवू शकतो, आणि त्या नोंदीने मालकी मिळत नाही. शीख लोकांसाठीही तिकडे टार्टन तयार झालेले आहे. ज्याला कुठलेच कुळ नाही त्याने ब्लॅक वॉच किंवा कॅलिडोनिया घालावे असा प्रघात आहे. आईच्या माहेरचे टार्टन चालते. बायकोच्या माहेरचे घालू नये असे जुने शिष्टाचारवाले म्हणतात. पण बायकोच्या बापानेच बोलावून दिले तर त्यापुढे शिष्टाचार कुठला?

इतके लिहून मी थांबले होते. उरलेले लिहावे की नाही, ठरत नव्हते.

मॅकेन्झींनी १७९३ मध्ये आणखी एक पलटण उभी केली, ७८ वी, तेच टार्टन असलेली. ती हिंदुस्थानात आली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीच्या हाताखाली ७८ वी आणि ७४ वी अशा दोन हायलँड पलटणी शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेल्या. ठिकाण आमच्या जिल्ह्यातले असई. ७४ वी तर जवळजवळ कापून निघाली. वीस-बावीस वर्षे मी शाळेत ही लढाई शिकवली, मुलांना नकाशा काढून दिला, मराठ्यांच्या तोफा कुठे होत्या ते खडूने दाखवले. समोरच्या बाजूचे शिपाई कोण होते, त्यांच्या गावात तेव्हा काय चालले होते, हे कधी सांगितले नाही, कारण मलाच माहीत नव्हते. दर प्रजासत्ताक दिनानंतर बीटिंग रिट्रीटमध्ये आपल्या जवानांच्या खांद्यावर टार्टनचे वस्त्र आणि हातात पाइप पाहतो, तेव्हाही ते कोठून आले असे मनात आले नव्हते.

मी सगळे लिहून पाठवले. मुलाने ते पत्र इंग्रजी करून व्याह्यांना वाचून दाखवले. दोन दिवसांनी त्यांचा स्वतःचा फोन आला. ७८ वी पलटण त्यांना ठाऊक होती. असई हे गाव आहे आणि तिथे अजून माणसे राहतात, हे ठाऊक नव्हते. ते म्हणाले, "मुलाला हे टार्टन नको वाटत असेल तर आम्हाला वाईट वाटणार नाही." मी म्हटले, त्याला विचारते.

त्याने माप पाठवले आहे. कमर चौतीस. भावाने फेट्याचे कापड आणून ठेवले, गडद हिरवे, किल्टला साजेसे. आता त्याचा घागऱ्याचा विनोद बंद आहे. डिसेंबरात साखरपुड्यासाठी व्याही आणि विहीणबाई जालन्यात येतील, आणि एक दिवस असईला जायचे ठरले आहे. त्यांनी विचारले, तिथे किल्ट घालून यावे की साध्या पँटमध्ये? मी अजून उत्तर कळवलेले नाही.