नदी एक, सरकारं दोन

मागच्या उन्हाळ्यात जैनथ मंडलातल्या आमच्या मामाच्या गावी लग्न होतं. वरपक्ष पांढरकवड्याकडचा, म्हणजे पैनगंगेच्या पलीकडचा. पंगती उठल्यावर मांडवात नेहमीचा वाद पेटला: सरकार कुणाचं बरं? आमच्या बाजूच्यांनी रयतु बंधूचे पैसे, शेतीला चोवीस तास वीज आणि रयतु बीमा बोटांवर मोजून दाखवला. तिकडच्यांनी कर्जमाफी आणि नमो शेतकरीचे हप्ते काढले. दोन्हीकडे जमीन असलेले एक आजोबा तेवढे गप्प बसून सुपारी कातरत होते.

माझी मामेबहीण तेव्हा नुकतीच इंटर पहिलं वर्ष संपवून बसली होती. ती मला म्हणाली, "दादा, हे मोजता येत नाही का? तू तर दिवसभर डेटाच बघतोस."

मी बी.ई. झालेला, हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये दहा-बारा वर्षं घालवलेला माणूस. मला वाटलं, यात काय आहे! रात्रीच लॅपटॉप काढला, आदिलाबाद आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांतल्या कापसाच्या क्षेत्राचे सरकारी आकडे गोळा केले आणि झकास आलेख काढला. आलेखात २०१६ नंतर आदिलाबादचा कापूस एकदम कोसळलेला. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "काहीतरी मोठं घडलंय बघ." ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, ऑक्टोबर २०१६ मध्ये जिल्ह्याचे चार तुकडे झाले ना? निर्मल, मंचेरियाल, आसिफाबाद वेगळे झाले. कापूस कुठं गेला नाही, जिल्हा लहान झाला."

ज्या जिल्ह्यात जन्मलो त्याचीच फाळणी मी विसरलो होतो.

पण ही चूक फक्त विसरण्याची नव्हती, हे मला पुढच्या वर्षभरात कळलं. बहिणीला पदवीनंतर अर्थशास्त्रात एम.ए. करावंसं वाटू लागलं होतं. तिला सांगता यावं म्हणून मी त्या अभ्यासक्रमाची पुस्तकं चाळायला घेतली आणि त्यांत स्वतःच अडकलो. आपल्या घरांमध्ये या विषयाबद्दल दोनच समजुती आहेत. एक म्हणजे, इंजिनीअरिंगला नंबर लागला नाही की घ्यायचा विषय. दुसरी, बँकेच्या परीक्षेला उपयोगी पडतो. दोन्ही समजुती माझ्याही होत्या.

एम.ए. किंवा एम.एस्सी.च्या पातळीवर हा विषय काय करतो, हे सांगायला मला आपल्याच सीमेपेक्षा चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

मांडवातला वाद घ्या. तेलंगणात मे २०१८ मध्ये रयतु बंधू सुरू झाली. सुरुवातीला एकरी ४,००० रुपये, वर्षातून दोनदा. समजा आपल्याला विचारायचंय की या पैशामुळे शेतकऱ्याचं काय बदललं. सोपा मार्ग म्हणजे २०१७ आणि २०१९ ची तुलना. पण या दोन वर्षांत पाऊसही बदलला, कापसाचा भावही बदलला. मग योजनेचं श्रेय किती आणि पावसाचं किती? दुसरा मार्ग म्हणजे आदिलाबाद आणि यवतमाळची तुलना. पण हे दोन मुलुख आधीपासूनच वेगळे आहेत. एक निजामाकडून आलेला, दुसरा वऱ्हाडातला.

अर्थशास्त्रज्ञ दोन्ही तुलना एकत्र करतात. अलीकडे किती बदललं ते काढायचं, त्याच काळात पलीकडे किती बदललं ते काढायचं आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. पाऊस, भाव, बियाणं हे दोन्हीकडे सारखं बदललं असेल तर ते वजाबाकीत निघून जातं. उरतं ते योजनेचं. अमेरिकेत डेव्हिड कार्ड आणि अॅलन क्रुगर यांनी हेच केलं. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेन्सिल्व्हेनियाने केलं नाही. दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्टफूड दुकानांची आधीची आणि नंतरची माहिती गोळा केली. वेतन वाढवलं की नोकऱ्या जाणार असं तेव्हाची बहुतेक पुस्तकं सांगत होती. त्यांना नोकऱ्या गेलेल्या दिसल्या नाहीत. १९९४ च्या त्या लेखावरून कित्येक वर्षं भांडणं झाली, आणि २०२१ मध्ये कार्ड यांना मिळालेल्या नोबेलमागे याच धर्तीचं काम होतं. क्रुगर तोवर वारले होते.

न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया यांच्यामध्येही एक नदीच आहे, डेलावेअर. मला हे वाचताना डोळ्यांसमोर पाटणबोरीचा रस्ता आणि पैनगंगेचा पूल येत होता.

आता इथून पुढे खरा अभ्यास सुरू होतो, आणि माझ्यासारखा इंजिनीअर इथेच घसरतो. आम्हाला आकडे मिळाले की प्रोग्राम लिहायची घाई असते. या विषयात निम्मा वेळ जातो तो आपल्याच उत्तरावर संशय घेण्यात. दोन्हीकडे सगळं सारखं बदललं, हे कशावरून? २०१७ च्या हंगामात यवतमाळ भागात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला होता. म्हणजे पलीकडचं 'आधीचं' वर्षच वाईट. त्यानंतर तिथे जी सुधारणा दिसेल, ती अळी गेल्याची असेल. त्याच वर्षी महाराष्ट्राने कर्जमाफीही जाहीर केली. आणि अलीकडे १ जानेवारी २०१८ पासून शेतीला चोवीस तास वीज आली, म्हणजे रयतु बंधूच्या चारच महिने आधी. मग वजाबाकीत उरलं ते पैशाचं की विजेचं?

किनवटची सीमा घ्यावी का? ती जास्त सोयीची वाटते. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. म्हणजे त्याआधी तहसील, महसूल, कायदे सगळे एकच. भाषावार राज्यरचनेत ते तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. एकाच घराची दोन दारं व्हावीत तसं. पण पुन्हा संशय: रेघ डोळे मिटून ओढलेली नव्हती. मराठी जास्त तो भाग तिकडे, असा हिशोब होता. म्हणजे दोन्ही बाजू मुळातच अगदी सारख्या नव्हत्या. शिवाय माणसं काही रेघेला बांधलेली नाहीत. नंदीग्राम एक्सप्रेसने किनवटला जाऊन लोक सोयरीक जमवतात, जमिनी घेतात. गप्प बसलेल्या त्या आजोबांना कोणत्या बाजूला धरणार?

कापसाच्या बाबतीत तर नदी कधीच अडसर नव्हती. महाराष्ट्रात १९७२ पासून जवळपास तीन दशकं कापसाची एकाधिकार खरेदी होती. शेतकऱ्याने सरकारी यंत्रणेलाच कापूस द्यायचा, खासगी व्यापाऱ्याला बंदी. २००२ मध्ये व्यापाऱ्यांना मोकळीक मिळाली. त्या काळात बाहेर भाव चढा असला की पलीकडचा कापूस रातोरात शेजारच्या राज्यांत उतरायचा आणि बाहेर पडला की उलट्या दिशेने गाड्या जायच्या. आपल्याकडच्या म्हाताऱ्यांकडे त्या बैलगाड्यांच्या गोष्टी आहेत. आजही यवतमाळकडच्या गाड्या आदिलाबादच्या मार्केट यार्डात दिसतात. भाव सीमा ओलांडतो, म्हणून भावाची तुलना करून इथे काही हाती लागणार नाही. जी गोष्ट सीमा ओलांडू शकत नाही, तिचीच तुलना करायला हवी.

अशी एक गोष्ट म्हणजे जमीन. आणि तिथून आमच्या ताईचा प्रश्न निघाला.

रयतु बंधूचे पैसे पासबुक ज्याच्या नावावर त्याला मिळत. मक्त्याने करणाऱ्याला नाही. मग प्रश्न असा: एकरी वर्षाला ८,००० रुपये मालकाच्या खात्यावर येऊ लागल्यावर मक्ता वाढला, घटला की तेवढाच राहिला? समजा अलीकडे मक्ता दहा हजारांवरून तेरा झाला आणि पलीकडे नऊवरून दहा. अलीकडची वाढ तीन, पलीकडची एक. फरक दोन हजारांचा. हे आकडे मी बनवलेले आहेत, हिशोब कळावा म्हणून. खरे कुणी पद्धतशीर विचारले तरच कळतील. आणि विचारणाऱ्याला मराठी आणि तेलुगू दोन्ही यायला हवं, 'मक्ता' आणि 'कौलु' या दोन्ही शब्दांना लोक काय समजतात हे माहीत हवं. दिल्लीच्या हुशार मुलाला ते यायला सहा महिने लागतील. आपल्या पोरांना लागणार नाहीत.

पण आपल्या पोरांकडे नसतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

ते म्हणजे गणित. आपल्याकडे दहावीनंतर 'अर्थशास्त्र आवडतं' म्हटलं की मुलाला सरळ सीईसी किंवा एचईसीत घालतात. या दोन्ही ग्रुपमध्ये गणित नाही. पुढे बी.ए.तही ते सुटतं. आणि मग एम.ए.च्या प्रवेश परीक्षेचा पेपर हातात येतो, तर त्यात कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, प्रॉबेबिलिटी. हैदराबाद विद्यापीठ आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्रवेश आता सीयूईटी-पीजीमधून होतात. मुंबईची, रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट स्वतःची परीक्षा घेतात, आणि या दोन्ही ठिकाणी इंजिनीअरिंगचे पदवीधरही बसू शकतात. त्यामुळे गंमत अशी होते की लहानपणापासून अर्थशास्त्र शिकलेला मागे पडतो आणि अर्थशास्त्राचं एक पान न वाचलेला बी.टेक. आत जातो. मला यात अन्याय वाटतो, पण परीक्षा काही माझ्या म्हणण्याने बदलणार नाही. तेव्हा एमईसी घ्या, किंवा सरळ एमपीसी घ्या. डिग्रीला 'दोस्त'वर पर्याय भरताना अर्थशास्त्राच्या जोडीला गणित किंवा संख्याशास्त्र मिळतं का, ते आधी बघा.

आत गेल्यावरही गणित पाठ सोडत नाही. पहिल्या वर्षी सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राबरोबर अर्थमिती येते. नदीच्या दोन काठांची वजाबाकी शिकवणारा विषय तोच. पुस्तकं इंग्रजीत. हॅल व्हेरियन यांचं पुस्तक बहुतेक ठिकाणी भेटतं. हे गृहस्थ पुढे गूगलचे मुख्य अर्थशास्त्रज्ञ झाले. घरात 'याला नोकरी कुठे लागते' असं कुणी विचारलं, तर मी आधी हे नाव सांगतो. मग केंद्र सरकारच्या भारतीय आर्थिक सेवेचं सांगतो. तिच्या परीक्षेला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीच लागते, तिथे आम्हा इंजिनीअरांना प्रवेश नाही.

हा विषय आपल्याला परका नाहीच खरं तर. पुण्याची गोखले संस्था १९३० मध्ये सुरू झाली, धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. तिथल्याच वि. म. दांडेकरांनी नीळकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ मध्ये देशातल्या गरिबीचा हिशोब मांडला. आणि ज्यांची तसबीर आपल्या कितीतरी घरांत आहे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१५ मध्ये कोलंबियातून एम.ए. झाले ते अर्थशास्त्रात. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. मधल्या काळात, १९१८ मध्ये, त्यांनी लहान शेतजमिनींवर एक लेख लिहिला. शेत लहान म्हणून शेती तोट्यात, असं तेव्हा सगळे म्हणत होते. त्यांनी विचारलं, लहान म्हणजे कशाच्या मानाने? एकर मोजून काही कळत नाही, त्या एकरावर भांडवल किती आणि हात किती ते बघा. जमिनीवरची जादा माणसं उद्योगात गेली तर शेताचा प्रश्न सुटेल. तुलना कशाशी करायची, हाच प्रश्न तिथेही आहे.

आमची ताई आता एमपीसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला गेलो तर तिने एक दोनशे पानी वही दाखवली. लग्नाच्या आहेराच्या यादीवरून तिने नातेवाईक वेगळे काढलेत: नदीच्या अलीकडचे बावीस, पलीकडचे सतरा. प्रत्येकाच्या नावापुढे २०१७ चा मक्ता आणि २०१९ चा मक्ता, अशा दोन रिकाम्या रेघा. काही भरल्यात. काही ठिकाणी "आठवत नाही" लिहिलंय, एकीकडे "वाट्याने दिली, पैसे नाहीत". तिच्या स्वतःच्या वडिलांच्या, म्हणजे मामांच्या, रेघा कोऱ्याच आहेत. मक्तेदार शेजारचाच आहे, आकडा बाहेर गेला तर वाईट दिसेल, असं ते म्हणतात.

"मग काय करणार?" मी विचारलं.

"मक्तेदाराला विचारणार," ती म्हणाली.